एकही मुलगी हरवली नव्हती

तयार कपड्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक एवढीशी खोली असते. पडदा सरकवायचा, आत जायचं, कपडा अंगाला होतो का ते आरशात बघायचं. लेक आत आणि आई बाहेर, दोन्ही हातांत पिशव्या धरून उभी. दोन मिनिटं जास्त झाली की आपण हाक मारतोच, "झालं का गं?" ही दोन मिनिटांची धाकधूक कुठल्याही आईला समजावून सांगायला नको. १९६९ साली फ्रान्समधल्या एका शहरात याच धाकधुकीच्या पोटी एक आवई उठली आणि महिन्याभरात ती इतकी वाढली की चांगल्या घरची माणसं संतापून काही दुकानांसमोर गोळा झाली.

शहराचं नाव ऑर्लेआँ. पॅरिसच्या दक्षिणेला, लॉआर नदीच्या काठी. जोन ऑफ आर्कने इंग्रजांचा वेढा उठवला ते हेच गाव. दर वर्षी मे महिन्यात तिच्या नावाने तिथे मोठा उत्सव होतो. गाव सुखवस्तू, शांत, थोडंसं आपल्याच तोऱ्यात राहणारं. जुन्या पुण्यासारखं म्हणा ना! पण त्या सुमाराला तिथेही नवं वारं शिरलं होतं. मुली आखूड स्कर्ट घालू लागल्या होत्या, नोकऱ्या करू लागल्या होत्या आणि त्यांच्यासाठी नव्या फॅशनची दुकानं निघाली होती. अशाच एका दुकानाने कपडे घालून बघायच्या खोल्या तळघरात केल्या आणि त्यांना जुन्या किल्ल्यातल्या अंधारकोठडीसारखी सजावट केली. हौस, दुसरं काय!

मे महिन्यात मुलींच्या शाळांमधून कुजबुज सुरू झाली. अमक्या दुकानात एक मुलगी कपडे घालून बघायला गेली ती बाहेर आलीच नाही. पडद्याआड कुणीतरी तिला सुई टोचली, बेशुद्ध केलं, तळघरात टाकलं. रात्री भुयारातून तिला नदीकाठी न्यायचं आणि तिथून परदेशातल्या कुंटणखान्यात विकायचं. कुजबुज शाळेतून घरी गेली, घरातून कचेऱ्यांमध्ये, तिथून बाजारात. दुकानं एकाची सहा झाली. हरवलेल्या मुलींचा आकडा रोज वाढत गेला. पुढे पुढे तर म्हणे मुलींना न्यायला नदीत पाणबुडी येते! लॉआर नदी त्या भागात उथळ, मधूनमधून वाळूचे पट्टे वर आलेले. आपल्या मुठेत लकडी पुलाखाली पाणबुडी आली म्हणण्यासारखंच ते. पण एकदा ऐकायचं ठरवलं की माणूस पाणबुडीसुद्धा ऐकून घेतो.

सगळ्या कथांमध्ये एक तपशील मात्र पक्का होता. ती दुकानं ज्यूंची.

पोलिसांकडे एकाही मुलीच्या बेपत्ता होण्याची तक्रार नव्हती. एकाही घरातून एकही मुलगी गेलेली नव्हती. जो तो सांगायचा ते मैत्रिणीच्या शेजारणीच्या भाचीबद्दल. मग वर्तमानपत्रात का नाही आलं? त्यांनी पैसे खाल्ले. पोलीस का गप्प? तेही विकले गेलेत. म्हणजे पुरावा नसणं हाच पुरावा झाला. अशा आवईशी भांडायचं तरी कसं?

या हकिगतीतली एक गोष्ट मला फार टोचली. काही शाळांमध्ये शिक्षिकांनीच मुलींना बजावलं होतं, की त्या दुकानांत जाऊ नका. मी स्वतः अर्धवेळ शाळेत शिकवते. आईचं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणाऱ्या मुली बाईंचं वाक्य मात्र घरी जाऊन जसंच्या तसं सांगतात, हे मला रोज दिसतं. त्या बायकांच्या मनात काही ज्यूंना मारावं असं नसणार. मुलींची काळजीच असणार. पण त्यांच्या तोंडून ती गोष्ट बाहेर पडली आणि तिला शाळेचा शिक्का बसला.

३१ मे, शनिवार. बाजाराचा दिवस. दुकानांसमोर घोळके जमले. कुणी आत शिरेना, पण बाहेरून बोटं दाखवणं, शिव्या देणं सुरू झालं. नेहमीची गिऱ्हाइकं समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागली. दुकानदारांना फोन येत होते, वाह्यात, घाणेरडे. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं मतदान होतं, म्हणून गर्दी पांगली. दोन दिवसांनी तिथल्या वर्तमानपत्रांनी ही ज्यूद्वेषाची आवई आहे असं स्वच्छ छापलं, पाठोपाठ पॅरिसच्या पत्रांनी आणि निरनिराळ्या संघटनांनी हात घातला. पाहता पाहता आवई बसली. आता कुणीच ती सांगितलेली नव्हती. सगळ्यांनी फक्त ऐकलेली होती! आणि तरी जाता जाता म्हणणारे होतेच, की आग असल्याशिवाय धूर निघतो का?

जुलैमध्ये एदगार मोरँ नावाचे समाजशास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांना घेऊन ऑर्लेआँला गेले, लोकांशी बोलले आणि त्याच वर्षी त्यांनी या प्रकरणावर पुस्तक काढलं. त्यात एक धागा सापडला तो असा. मे महिन्याच्या सुरुवातीला एका खपाऊ मासिकात अगदी हीच कथा छापून आली होती, कपड्यांच्या दुकानात गुंगीचं औषध देऊन बाई पळवल्याची. पण त्या कथेत गाव होतं ग्रनोबल, आणि ज्यू त्यात कुठेच नव्हते. मग ऑर्लेआँच्या कथेत ज्यू घातले कुणी? कुणीच नाही. कुणी कट केला नव्हता, कुणी पत्रकं वाटली नव्हती. कथा तोंडातोंडी फिरता फिरता ते आपोआप आत आले. दूध ताजं होतं, पण भांड्याला विरजण जुनंच लागलेलं होतं.

हे विरजण किती जुनं?

ज्यूद्वेष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिटलर येतो, छळछावण्या येतात, आणि १९४५ साली हिटलर मेला तेव्हा ते प्रकरण मिटलं असं आपण धरून चालतो. मला वाटतं, हिटलरचा आपल्याला एक सोयीचा उपयोग झाला आहे. सगळं पाप एका मिशीवाल्या माणसाच्या माथी मारलं की बाकीचे मोकळे. पण ऑर्लेआँच्या आया काही नाझी नव्हत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी जर्मन सैन्याचा अंमल सोसला होता.

हरवलेलं मूल आणि ज्यू, ही जोडी पार ११४४ सालापर्यंत मागे जाते. इंग्लंडमधल्या नॉरिच गावाजवळच्या रानात विल्यम नावाच्या मुलाचं प्रेत सापडलं. काही वर्षांनी एका मठवासीयाने ग्रंथ लिहून ठोकून दिलं की ज्यूंनी त्याला धर्मविधीसाठी मारलं. १२५५ साली लिंकन गावात तसंच झालं आणि एकोणीस ज्यूंना फाशी दिलं. पुढे त्यात आणखी भर पडली, की ज्यू लोक आपल्या पास्साच्या सणाच्या बिनखमिराच्या भाकरीत ख्रिस्ती मुलाचं रक्त मिसळतात. ही कथा इंग्लंडमधून जर्मनीत, इटलीत, पोलंडात, सगळीकडे पोचली. १२४७ साली खुद्द पोपने, चौथ्या इनोसंटने, हा आरोप खोटा आहे म्हणून लिहिलं. उपयोग झाला नाही. इटलीतल्या त्रेंतो गावी १४७५ साली असंच एक बाळ दगावलं, आरोपात ज्यूंना ठार मारलं, आणि त्या बाळाची संत म्हणून पूजा सुरू झाली. ती पूजा चर्चने बंद केली १९६५ साली. म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षं!

आता यातला विनोद बघा, कडूच आहे, पण आपल्या स्वयंपाकघरातला आहे. जगात रक्ताची सगळ्यात जास्त शिसारी कुठल्या धर्माला असेल तर ती ज्यूंच्या. मांस घरी आणलं की ते आधी पाण्यात भिजवायचं, मग मीठ चोळून तासभर ठेवायचं, रक्त सगळं निथळू द्यायचं, मग पुन्हा पुन्हा धुवायचं. अंडं फोडल्यावर त्यात रक्ताचा ठिपका दिसला की ते टाकून द्यायचं. अलिबाग-पेणकडे ज्यांचे बेने इस्रायल शेजारी होते, त्यांच्या घरातल्या जुन्या बायकांना हे माहीत असायचं. मटणाच्या रश्श्यात त्या घरी नारळाचं दूध का घालतात तेही माहीत असायचं. मांस आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही म्हणून. शेजारणीच्या चुलीपाशी एकदा जरी बसलं असतं तरी ज्या आरोपाचा फोलपणा कळला असता, त्या आरोपावर युरोपात माणसं फासावर गेली.

आणि हे काही फक्त मध्ययुगातलं नाही. १९११ साली कीव्ह शहरात तेरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. चोरांच्या टोळीचं काम आहे असं तपासणाऱ्यांना दिसत होतं, तरी झारच्या सरकारने विटांच्या कारखान्यातल्या मेंडेल बेलिस नावाच्या ज्यू कर्मचाऱ्याला पकडलं आणि रक्तासाठी खून केल्याचा खटला भरला. दोन वर्षांहून जास्त तो तुरुंगात होता. १९१३ साली ज्युरीने, ज्यात बहुतेक साधे शेतकरी होते, त्याला निर्दोष सोडलं. अमेरिकेतही, न्यूयॉर्क राज्यातल्या मसीना गावात, १९२८ साली चार वर्षांची मुलगी रानात चुकली. दुसऱ्याच दिवशी ज्यूंच्या मोठ्या उपासाचा, योम किप्पुरचा सण सुरू व्हायचा होता. पोलिसांनी धर्मगुरूंना चौकीवर बोलावून विचारलं, की तुमच्या सणाला माणसाचं रक्त लागतं का! मुलगी दुसऱ्या दिवशी धडधाकट सापडली, घरापासून मैलभरावर. नगराध्यक्षांना पुढे माफी मागावी लागली. रस्त्यावर मोटारी आणि घरात रेडिओ आलेला होता, तरी हे झालं.

चेरी आणायला गेलेला मुलगा

पण मला सगळ्यात जास्त हादरवून गेलं ते पोलंडमधलं किएल्त्से. साल १९४६. युद्ध संपून वर्ष झालेलं. ऑशविट्झचे दरवाजे उघडलेले, प्रेतांचे ढीग साऱ्या जगाने फोटोत पाहिलेले. युद्धाआधी पोलंडमध्ये तीस लाखांहून अधिक ज्यू होते, त्यांतला दहातला एक कसाबसा उरला होता. किएल्त्से गावात पूर्वी सुमारे वीस हजार ज्यू राहायचे. छावण्यांतून, रशियातून, लपलेल्या जागांतून जगून वाचून परतलेले दीडएकशे जण प्लांती नावाच्या रस्त्यावर ७ नंबरच्या इमारतीत एकत्र राहत होते.

१ जुलैला आठ-नऊ वर्षांचा एक ख्रिस्ती मुलगा घरी न सांगता वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या आपल्या जुन्या गावी गेला. चेरी खायला. दोन दिवस राहून, चेरी घेऊन परत आला. आता घरी मार बसणार! पोर घाबरून काहीतरी सांगणारच. कुणीतरी त्याच्या तोंडात घातलं, की ज्यूंनी तुला पकडून ठेवलं होतं ना? पोराने मान डोलावली. बापाने पोलिसात वर्दी दिली. ४ जुलैला सकाळी पोलीस मुलाला घेऊन निघाले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले की आपण ज्यूंनी डांबलेली मुलं सोडवायला चाललो आहोत. मुलाने प्लांतीवरचं ते घर दाखवलं. या घराच्या तळघरात मला कोंडलं होतं, तो म्हणाला.

त्या घराला तळघरच नव्हतं. घर पाण्याजवळ होतं, तळघर खणलेलंच नव्हतं. हे तिथल्या तिथे सगळ्यांना दिसलं. तरीही कुणी घरी गेलं नाही.

गर्दी वाढत गेली. पोलीस आणि सैनिक आत शिरले ते ज्यूंच्या रक्षणासाठी नाही. आत गोळ्या सुटल्या. ज्यूंच्या समितीचे अध्यक्ष मदतीसाठी फोन करत होते, त्यांना पाठीत गोळी घातली. लोकांना बाहेर ओढून गर्दीच्या हवाली केलं. दुपारी पोलादाच्या कारखान्यातले कामगार लोखंडी कांबी घेऊन आले. गावाच्या दुसऱ्या भागात राहणारी एक बाळंतीण आणि तिचं तीन आठवड्यांचं बाळ यांनासुद्धा घरातून नेऊन मारलं. संध्याकाळपर्यंत बेचाळीस ज्यू मेले होते. ऑशविट्झमधून वाचलेली माणसं शांततेच्या काळात, भर दिवसा, शेजाऱ्यांच्या हातून गेली. मुलं सोडवायला निघालेल्या लोकांनी बाळ मारलं, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं तरी मला आकळत नाही.

पुढे नऊ जणांना मृत्युदंड झाला. पुढच्या काही महिन्यांत हजारो ज्यू पोलंड सोडून गेले. चर्चच्या वरिष्ठांपैकी चेन्स्तोखोव्हाचे बिशप कुबिना यांनी, रक्ताचा आरोप हे धडधडीत असत्य आहे, असं स्पष्ट सांगितलं. इतरांनी एवढं रोखठोक बोलण्याचं धाडस केलं नाही. तो मुलगा मोठा झाला, म्हातारपणाकडे झुकला, आणि १९९० नंतर त्याने सांगितलं की आपण त्या घरात कधी गेलोच नव्हतो.

ज्यू नसले तरी चालतं

एक प्रश्न साहजिक आहे. ज्यूंनीच काही केलं असेल ना, उगाच का सगळे त्यांच्या मागे लागतील? आपल्या बैठकीत सुशिक्षित माणसं हा प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि ते असं की द्वेषाला ज्यू समोर असावाच लागत नाही. इंग्लंडच्या राजाने १२९० साली सगळ्या ज्यूंना हाकलून दिलं, ते उघडपणे परत आले १६५६ च्या सुमाराला. मधल्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, शेक्सपिअरने शायलॉक लिहिला. आपण शाळा-कॉलेजात 'मर्चंट ऑफ व्हेनिस' शिकलो, एक पौंड मांसाची गोष्ट तोंडपाठ केली. पण ज्या प्रेक्षकांनी शायलॉकला हुर्यो केली असेल, त्यांच्यातल्या बहुतेकांनी जन्मात ज्यू माणूस पाहिलेला नसणार, हे मला वर्गात कुणी सांगितल्याचं आठवत नाही. मोठ्या लेखकाचं मोठेपण त्याने कमी होत नाही, पण मुलांना हे सांगायला हवं.

पोलंडचंही तेच. १९६८ साली, देशात मूठभर ज्यू उरलेले असताना, तिथल्या कम्युनिस्ट सरकारनेच त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि तेराएक हजार माणसं देशोधडीला लागली. आणि सगळं जग चालवणाऱ्या ज्यू वडीलधाऱ्यांच्या कटाची ती प्रसिद्ध 'कागदपत्रं'? ती १९०३ साली रशियात छापली गेली आणि १९२१ सालीच लंडनच्या 'टाइम्स'ने दाखवून दिलं की मजकूर एका फ्रेंच लेखकाच्या १८६४ सालच्या पुस्तकातून उचललेला आहे. ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनवरची टीका होती, ज्यूंबद्दल नव्हतंच! उघडं पडून शंभर वर्षं झाली. आजही ती छापली जातात, आणि आता तर फोनवर फुकट मिळतात.

दुसरी एक गोष्ट म्हणजे स्तुती. ज्यू फार हुशार, ज्यू पैशात लोळतात, सगळ्या बँका त्यांच्या. आपल्याकडे हे कौतुकाने म्हणतात. २००६ साली पॅरिसमध्ये एका टोळीने मोबाइलच्या दुकानात नोकरी करणाऱ्या तेवीस वर्षांच्या ज्यू तरुणाला पळवलं. ज्यू म्हणजे पैसेवाला, घरचे नाही तर समाज देईल, एवढा साधा हिशोब. घरची परिस्थिती बेताची होती. त्याचे तीन आठवडे हाल केले आणि मरायला टाकून दिलं. 'त्यांच्याकडे खूप पैसा असतो' हे वाक्य जिथून निघतं, त्याच रस्त्याने ती टोळी गेली होती.

आपल्या कोकणातले ज्यू

आपल्याकडे हा द्वेष रुजला नाही, याचा मला खरोखर अभिमान वाटतो. बेने इस्रायलांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावं. मराठीत कीर्तनं करणारे, एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिद्याचं ताट भरणारे हे आपले लोक. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. जेरुशा झिराड, ज्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली, त्या यांच्यातल्याच. आणि सिनेमातले डेव्हिडही. यांतले बहुतेक जण पुढे इस्रायलला गेले ते आपल्या ओढीने, कुणी हाकललं म्हणून नाही. तिकडेही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी काढलं.

पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हा द्वेष बाहेरून आपल्या दारात आलाच. एवढ्या अवाढव्य मुंबईत, कुलाब्याच्या गल्लीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही धड ठाऊक नसलेलं ज्यूंचं घर, नरिमन हाऊस, अतिरेक्यांनी नेमकं हुडकून काढलं. तिथले सहा ज्यू मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची आया सँड्रा सॅम्युअल हिने छातीशी धरून बाहेर आणलं, ते चित्र आपल्यातली कोण विसरली असेल?

आणि आपल्याकडचं दुसरं एक खटकतं. हिटलरच्या आत्मचरित्राच्या प्रती, मराठी भाषांतरसुद्धा, फुटपाथवरच्या पुस्तकविक्रेत्याकडे चांगल्या खपतात. २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचं खाण्याचं हॉटेल निघालं होतं, लोकांनी आवाज उठवल्यावर नाव बदललं. शाळेत कडक बाईंना मुली 'हिटलर' म्हणतात, सासऱ्यांना सुना म्हणतात, आणि हसतात. यात द्वेष नाही, नुसतं अज्ञान आहे, हे मला कळतं. पण शिस्तीचा माणूस आणि साठ लाखांचा खुनी यांत फरक करणारं काहीच आपण मुलांच्या कानावर घालत नाही, त्याचं काय?

इथे कुणी विचारेल, आणि इस्रायल जे करतं ते? ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने घरात घुसून माणसं मारली, ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो मुलं गेली. ते पाहून पोटात कालवतं, आणि कालवलं नाही तर आपण आया कसल्या? एखाद्या सरकारला जाब विचारणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. इस्रायलमधलेच कितीतरी ज्यू तो रस्त्यावर उतरून विचारत आले आहेत. पण त्या सरकारचा राग दुसऱ्याच देशातल्या शाळेवर, दुकानावर, म्हाताऱ्या बाईवर काढायचा, हे मात्र तेच जुनं विरजण. २०१२ साली तुलूझ शहरात ज्यू मुलांच्या शाळेच्या दारात एका माणसाने तीन मुलं आणि एक शिक्षक गोळ्या घालून मारले. पॅलेस्टाइनच्या मुलांचा सूड, असं तो म्हणाला होता.

जी मुलं खरंच हरवली

ऑर्लेआँबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ते शहर ज्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं आहे, त्याच जिल्ह्यात, चाळीस-पन्नास किलोमीटरवर, पितिविए आणि बोन-ला-रोलांद ही दोन गावं आहेत. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी जर्मनांच्या सांगण्यावरून तेरा हजारांवर ज्यूंना पकडलं. त्यांत चार हजारांहून जास्त मुलं होती. आधी सायकल शर्यतींच्या एका बंदिस्त मैदानात कोंडलं, मग आया आणि मुलांना या दोन गावांतल्या छावण्यांत आणलं. तिथे आयांना मुलांपासून ओढून वेगळं काढलं आणि पुढे पाठवून दिलं. मुलं मागे राहिली. काही इतकी लहान होती की त्यांना स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यांनाही आगगाडीत घालून ऑशविट्झला नेलं. ती परत आली नाहीत.

त्या धरपकडीतून पॅरिसची एक नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर वेळेवर निसटून बचावली होती. ती मोठी झाली, तिने संसार केला, नातवंडं पाहिली, आणि २०१८ साली, पंच्याऐंशी वर्षांची असताना, कंपवाताने आजारी, एकटी राहत असताना, तिच्या पॅरिसच्या घरातच तिचा खून झाला. मारणारा शेजारचाच, तिने लहानपणापासून पाहिलेला. २०२१ साली कोर्टाने त्याला जन्मठेप दिली आणि या खुनामागे ज्यूद्वेष होता असं मानलं.

फ्रान्सच्या सरकारने १९४२ च्या धरपकडीची जबाबदारी आपली होती हे पहिल्यांदा कबूल केलं ते १९९५ साली, राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या तोंडून. १९६९ साली ऑर्लेआँमध्ये जेव्हा घराघरांत हरवलेल्या मुलींची चर्चा चालली होती, तेव्हा जिल्ह्यातल्या त्या छावण्यांचं नाव फारसं कुणी काढत नसे. २०११ साली ऑर्लेआँ शहरातच त्या मुलांच्या आठवणीसाठी संग्रहालय उघडलं. तिथे त्यांचे फोटो आहेत, नावं आहेत. आसपासच्या शाळांमधल्या शिक्षिका मुलांना घेऊन तिथे जातात.